बिअर पहिल्या दिवशी, मीड पहिल्या आठवड्यात

घरी बिअर किंवा मीड (मध आंबवून केलेले मद्य) करणारी माणसे भेटली की ख्यालीखुशाली मागाहून होते. आधी विचारले जाते ते सध्या काय लावले आहे. या प्रश्नाचे उत्तर बहुधा पेयाच्या प्रकारापासून सुरू होते आणि एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या बुचातून) बुडबुडे किती जोरात येत आहेत या वर्णनापाशी संपते. खरे पाहता या दोन्ही गोष्टींवरून ऐकणाऱ्याला फारसे काही कळत नाही. ‘पेल एल’ या एका नावाखाली एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या बिअर केल्या जातात. बुडबुड्यांचे म्हणाल, तर झाकण नीट बसलेले नसले की उत्तम चाललेल्या किण्वनातही एअरलॉक गप्प राहतो आणि खोली जरा तापली की किण्वन संपून गेलेल्या बुधल्यातूनही विरघळलेला वायू बाहेर पडत राहतो.

सध्या माझ्याकडे एक पेल एल (फिकट बिअर), एक स्टाउट (गडद बिअर), एक साधी मीड आणि एक ब्रॅगट (धान्य आणि मध मिळून केलेले पेय) असा ऐवज आहे. काही मित्रमैत्रिणींच्या बॅचही सोबतीने चालू आहेत. त्या सगळ्यांबद्दल अलीकडे आमची जी बोलणी चालली आहेत, त्यांतून माझे एक मत पक्के होत गेले आहे: बिअरची आणि मीडची चौकशी एकाच प्रश्नाने करता येत नाही. बिअरचे बरेचसे भवितव्य यीस्ट घालण्याआधी, मॅश (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य गरम पाण्यात भिजवणे) आणि उकळी यांच्या त्या एका दिवसात ठरून गेलेले असते. मीडमध्ये पहिल्या दिवशी ठरवण्यासारखे फार थोडे असते. तिचा निकाल पुढच्या आठवड्याभरात लागतो.

आधी पेल एलविषयी. ही वीस लिटरची बॅच आहे. तिच्यात चार किलो पेल माल्ट, चारशे ग्रॅम गव्हाचे माल्ट आणि अडीचशे ग्रॅम म्युनिक माल्ट आहे, आणि मॅशचे तापमान ६६ अंश सेल्सिअस ठेवले होते. हे तापमान सांगितल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ येत नाही, कारण माल्टमधल्या पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी दोन मुख्य विकरे वेगवेगळ्या तापमानाला जोमाने काम करतात. बीटा-अमायलेजला ६० ते ६५ अंशांच्या आसपासचा पट्टा मानवतो आणि ते यीस्टला सहज खाता येणारी माल्टोज देते, तर अल्फा-अमायलेज ७० अंशांच्या जवळपास जोरात असते आणि त्याच्या कामातून यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनेही बरीच मागे राहतात. त्यामुळे तेच माल्ट ६४ अंशांवर मॅश केले तर बिअर कोरडी आणि हलकी उतरते आणि ६९ अंशांवर केले तर तोंडभर लागते. एकदा मॅश उकळीला गेला की विकरे नष्ट होतात आणि तो निर्णय कायमचा होतो. पुढे यीस्ट कोणतेही घाला, त्याच्यापुढे काय वाढून ठेवायचे हे आधीच ठरलेले असते.

उकळीचेही तसेच आहे. हॉप्स या कडवट फुलांमधली अल्फा आम्ले उकळत्या वर्टमध्ये (मॅशमधून गाळलेल्या गोड पाण्यात) रूप बदलतात तेव्हाच कडवटपणा विरघळून राहतो. फिकट माल्टमधून येणारे, उकडलेल्या मक्यासारखा वास देणारे डायमिथिल सल्फाइड त्याच तासाभरात वाफेबरोबर निघून जाते. म्हणूनच पातेल्यावर झाकण ठेवून उकळी काढणाऱ्यांशी मी नेहमी वाद घालते. उकळीनंतर वर्ट यीस्टच्या तापमानापर्यंत थंड करेपर्यंत बिअरची शरीरयष्टी, तिचा कडवटपणा आणि तिचा रंग या तिन्ही गोष्टी जवळजवळ पक्क्या झालेल्या असतात. यीस्टच्या हातात उरतो तो सुगंध आणि स्वच्छता. ते काही थोडे नव्हे, पण त्यातही चांगल्या माल्टच्या वर्टमध्ये यीस्टला लागणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये मुबलक असतात, त्यामुळे पुरेसे आणि ताजे यीस्ट घालून तापमान सांभाळणे एवढेच माझ्याकडे उरते. ही बॅच सुरुवातीचे काही दिवस १९ अंशांवर होती आणि किण्वन उताराला लागल्यावर मी ती २१ अंशांपर्यंत चढू दिली.

या बॅचमध्ये सांगण्यासारखा एक भाग किण्वनाच्या शेवटाला आला. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता; साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०५० होती आणि ती १.०१३ वर येऊन थांबली. लागोपाठच्या मोजण्यांत आकडा हलला नाही. त्यानंतर मी लिटरमागे पाच ग्रॅम या हिशेबाने कोरडे हॉप्स घातले आणि आकडा पुन्हा सरकू लागला. आज तो १.०११ आहे, म्हणजे मद्यांश ५.१ टक्क्यांच्या आसपास. हॉप्सच्या फुलांत स्वतःची थोडी विकरे असतात, ती बिअरमध्ये उरलेली डेक्स्ट्रिने तोडतात आणि झोपी गेलेल्या यीस्टला पुन्हा खाद्य मिळते. यात नवे काही नाही. इंग्लंडमधल्या ब्राऊन आणि मॉरिस या रसायनतज्ज्ञांनी १८९३ सालीच याची नोंद केली होती. मात्र हॉप्सचा मारा वाढत गेला तशी ती जुनी नोंद पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली. ग्रॅव्हिटीचे दोन अंक म्हणजे क्षुल्लक वाटतात, पण हेच दोन अंक बंद बाटलीत उतरले तर बिअरच्या आकारमानाएवढा कार्बन डायऑक्साइड तिच्यात जास्तीचा तयार होतो. घातलेल्या साखरेचा वायू त्यात मिळवला की काचेवर येणारा दाब विचार करायला लावणारा असतो.

दुसरी अडचण वासाची आहे. यीस्ट पुन्हा कामाला लागले की ते अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचे द्रव्य बिअरमध्ये सोडते. त्याला स्वतःला वास नसतो, पण काही काळाने त्याचे डायअसिटिल होते आणि बिअरला लोण्याचा, किंबहुना लोणी लावलेल्या मक्याच्या लाह्यांचा वास येऊ लागतो. पिंपात यीस्ट जागे असेल तर ते हे डायअसिटिल पुन्हा शोषून घेते. घाईने थंड करून बाटल्या भरल्या तर ते बाटलीत तयार होते आणि तिथेच राहते. आज संध्याकाळी मी त्याची चाचणी घेतली. ती सोपी आहे आणि तरीही फार थोडे लोक करतात. सारख्याच दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घेऊन दोन्हींवर झाकण ठेवायचे, एक पेला साठ अंशांच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटे उभा करायचा, मग तो दुसऱ्याइतका गार करून दोन्हींचा वास लागोपाठ घ्यायचा. गरम केलेल्या पेल्यातून आज लोण्याची अगदी पुसटशी रेघ आली आणि दुसऱ्यातून फक्त हॉप्स आले. याचा अर्थ बिनवासाचे ते द्रव्य अजून शिल्लक आहे आणि बिअर आणखी काही दिवस तशीच उबेत राहायला हवी. एअरलॉक मात्र पूर्ण शांत आहे.

स्टाउटबद्दल सांगण्यासारखे कमी आहे. ती पेल एलच्या आधीच्या बॅचच्या साक्यावर (तळाशी बसलेल्या यीस्टवर) लावली होती, बाटल्यांत भरून झाली आहे आणि सध्या तिच्यात गॅस धरतो आहे. भाजलेले सातू जवळजवळ नऊ टक्के आहेत. त्यांची आम्लता मॅशचा सामू खाली ओढते, म्हणून या बॅचसाठी कार्बोनेट थोडे जास्त असलेले पाणी मुद्दाम वापरले. बाटल्या भरताना लिटरमागे पाच ग्रॅम साखर घातली. पेल एलला मी साडेसहा ग्रॅम घालते, पण स्टाउटमध्ये फेस जास्त झाला की भाजक्या धान्याची चव टोचू लागते, असे माझे मत आहे.

आमच्यातल्या एकाने या वेळी क्वाइक लावले आहे. नॉर्वेतल्या शेतघरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या यीस्टला ३५ अंश किंवा त्याहूनही अधिक तापमान मानवते, आणि एरवी एवढ्या उष्णतेत झोंबणारी उच्च अल्कोहोले देऊन बिअर नासवणाऱ्या यीस्टपेक्षा ते फारच सभ्यपणे वागते. त्याची बिअर तीन-चार दिवसांत उतरली, याचे त्याला कोण कौतुक. मला वेगाचे एवढे अप्रूप नाही. त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली. कमी ग्रॅव्हिटीच्या वर्टमध्ये हेच यीस्ट मध्येच रेंगाळते आणि थोडे पोषक द्रव्य घातले की पुन्हा धावू लागते. दुसऱ्या टोकाला एका मैत्रिणीची लागर आहे, जी दहा अंशांवर आपल्या चालीने चालली आहे. लागरचे यीस्ट हे एलच्या यीस्टचे आणि थंडीत तग धरणाऱ्या एका रानटी जातीचे संकर आहे. त्यातले एलकडचे अंग जुनेच ओळखीचे होते, परंतु तो दुसरा पूर्वज २०११ मध्ये पॅटागोनियातल्या जंगलात सापडल्याचे जाहीर झाले. त्याच्या किती तरी आधी, १८८३ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी लागरच्या यीस्टची एकाच पेशीपासून शुद्ध वाढ केली होती. मैत्रिणीने यीस्ट एलच्या दुप्पट घातले आहे आणि थंड किण्वनाला तेवढे लागतेच.

आता मीड. दहा लिटरच्या बुधल्यात ३.४ किलो मध आणि बाकी पाणी, सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.१००. कृती म्हणून सांगायचे तर एवढेच आहे, आणि मीडच्या बाबतीत लोक फसतात ते इथेच. पहिल्या दिवशी मॅश नाही, उकळी नाही, हॉप्स नाहीत. कोमट पाण्यात मध ढवळायचा, बुधल्यात ओतायचा आणि यीस्ट घालायचे, तासाभरात सगळे आटोपते. जुन्या कृतींमध्ये मधपाणी उकळून त्यावरची मळी काढायला सांगत असत. त्याने मधाचा सुगंध वाफेबरोबर जातो आणि हाती फारसे काही लागत नाही, कारण मधात मुळातच पाणी सतरा-अठरा टक्के असते आणि त्यात सहसा काही वाढत नाही. आता बहुतेक जण मध उकळत नाहीत. निवडण्यासारखे जे असते ते म्हणजे मध कोणता आणि यीस्ट कोणते. मी सौम्य फुलोऱ्याचा फिकट मध आणि ७१बी हे यीस्ट घेतले. ते साधारण चौदा टक्के मद्यांशापर्यंत काम करते, मॅलिक आम्लाचा काही भाग पचवते आणि तरुण मीडमध्येही फार तिखट लागत नाही. ईसी-१११८ हे दुसरे यीस्ट अठरा टक्क्यांपर्यंत जाते आणि ते अडून बसण्याची भीती कमी असते, हे खरे आहे, पण माझ्या जिभेला त्याची मीड बोडकी लागते.

मधात जवळजवळ ऐंशी टक्के साखर असते आणि यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन मात्र नावापुरता असतो. माल्टच्या साध्या वर्टमध्ये लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास उपयोगी नायट्रोजन सहज मिळतो. मधपाण्यात तो अनेकदा पन्नासच्याही खाली असतो. बिअर करणारा माणूस मीडकडे वळतो तेव्हा बिअरच्या सवयीने यीस्ट घालून निर्धास्त होतो आणि यीस्ट मात्र साखरेच्या डोहात उपाशी असते. उपाशी यीस्ट सडक्या अंड्यांचा वास देणारे हायड्रोजन सल्फाइड सोडते, झोंबणारी उच्च अल्कोहोले तयार करते आणि पुष्कळदा मध्येच काम टाकून बसते. मीड पिण्याजोगी व्हायला दोन वर्षे मुरावी लागते, हा जो सर्वत्र समज आहे, त्यातला बराच भाग मला वाटते या उपासमारीच्या खात्यात टाकायला हवा. नीट पोसलेली मीड काही महिन्यांत गोड स्वभावाची होते. मुरल्याने ती सुधारते हे निश्चित, पण आधी दोष निर्माण करून मग ते विरण्याची वाट पाहणे हा काही मुरवण्याचा अर्थ नव्हे.

पोषण एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यायचे असते. कोरडे यीस्ट मी चाळीस अंशांच्या पाण्यात गो-फर्म (यीस्ट भिजवताना घालायचे पोषक द्रव्य) कालवून त्यात भिजवले, मग त्यात थोडे थोडे मधपाणी मिसळून दोन्हींच्या तापमानातला फरक कमी केला आणि त्यानंतर ते बुधल्यात घातले. पुढे चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी आणि शेवटी एकतृतीयांश साखर संपल्यावर असे चार वेळा फर्मेड-ओ हे जैविक पोषण दिले, प्रत्येक वेळी अडीच ग्रॅमच्या जवळपास. १.१०० च्या मीडची एकतृतीयांश साखर संपते ती ग्रॅव्हिटी १.०६७ च्या आसपास आली म्हणजे. त्यानंतर यीस्टची वाढ मंदावते. मद्यांश नऊ टक्क्यांच्या वर गेला की डीएपीसारखे अजैविक पोषण तर त्याला घेताच येत नाही. ते मीडमध्ये तसेच पडून राहते आणि खारट-कडवट चव देते. म्हणजे मदत करण्याची जी काही खिडकी आहे ती त्या पहिल्या आठवड्यातच उघडी असते.

त्या आठवड्यात मी बुधल्याजवळ सकाळ-संध्याकाळ जात होते. ढवळणीचा दांडा आत घातला की तळापासून वायू उसळून वर येतो, पृष्ठभाग पांढऱ्या फेसाने फुगतो आणि क्षणभर सगळे बाहेर येणार असे वाटते. मग दांडा थांबवायचा, फेस बसू द्यायचा आणि पुन्हा हलक्या हाताने फिरवायचे. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असा काढून टाकला की यीस्टवरचा ताण कमी होतो आणि सुरुवातीच्या दिवसांत त्याला लागणारा प्राणवायूही थोडा मिळतो. पोषणाची पूड मात्र कधीही सरळ बुधल्यात टाकू नये. वायूने भरलेल्या मधपाण्यात पुडीचा प्रत्येक कण बुडबुड्याचे बीज होतो आणि अर्धा बुधला छतापर्यंत उडतो. आधी पूड चमचाभर पाण्यात कालवायची, बुधला ढवळून वायू काढायचा आणि त्यानंतरच ती आत ओतायची.

सामूकडेही त्याच दिवसांत लक्ष द्यावे लागते. मधपाण्याला आम्लता पेलण्याची ताकद जवळजवळ नसते, त्यामुळे यीस्ट कामाला लागले की सामू भराभर खाली येतो. तो तीनच्या जवळ पोहोचला की यीस्ट अडखळते. माझ्या बुधल्यात तो ३.२ पर्यंत उतरला तेव्हा मी पोटॅशियम बायकार्बोनेटची छोटी चिमूट दिली आणि तो ३.५ वर आला. आज ग्रॅव्हिटी १.००८ आहे. सडक्या अंड्यांचा वास नाही, घशाला जळजळ नाही, आणि फुलांचा सुगंध मधाच्या बरणीत होता त्याहून उघडा आहे. आता माझ्याकडून तिला काही नको आहे. याच सुमारास पेल एल मात्र रोज हुंगावी लागते आहे. आपापल्या भवितव्याच्या निर्णायक वेळा दोघींनी अशा वेगवेगळ्या ठेवल्या आहेत की चारही भांडी एकाच दिवशी लावली तरी त्यांच्याकडे पाहण्याचे वेळापत्रक निराळे राहते.

हे मत पक्के व्हायला एका मित्राची अडलेली मीड कारणीभूत झाली. १.१२० वर लावलेली त्याची मीड १.०५८ वर येऊन थांबली होती आणि त्याने विचारलेला प्रश्न होता, आणखी यीस्ट घालू का. आम्ही त्याला मधाचा प्रकार विचारला, पाणी विचारले, यीस्ट विचारले, आणि त्या सगळ्यांची उत्तरे चांगली होती. मग कोणीतरी विचारले की पहिल्या चार दिवसांत तिला काय दिले. उत्तर आले: मूठभर मनुका. मनुकांच्या भरवशावर मीड पोसायची ही सूचना कित्येक कृतींमध्ये सापडते. मनुकांनी चव येते आणि साखर येते, पण पुरेसा नायट्रोजन मिळायचा तर किलोंनी मनुका घालाव्या लागतील. अशा अवस्थेत नव्या यीस्टची पुडी सरळ ओतून काही होत नाही, कारण आत आठ टक्के मद्यांश आणि आम्लता तयार असते आणि नवे यीस्ट पाय टेकायच्या आतच गळून जाते. सामू तीनच्या खाली होता. तो आधी वर आणावा लागला. मग ईसी-१११८ वेगळ्या भांड्यात जोमाने सुरू करून, त्यात अडलेली मीड तासातासाने थोडी थोडी मिसळत, त्या वातावरणाची सवय लावून शेवटी ते सगळे मूळ बुधल्यात परत घातले. ती आता १.०३० च्या खाली गेली आहे. पिण्यालायक होईल, असे मला वाटते. सुंदर होईल असे वाटत नाही, कारण उपासाच्या काळात तयार झालेली जळजळ तिच्यात राहणार आहे.

दुसऱ्या एकाची बोशे सध्या सगळ्यांच्या कौतुकाचा विषय आहे. बोशेमध्ये मध उघड्या पातेल्यात तापवून गडद तपकिरी होईपर्यंत भाजतात. तो मूळ आकाराच्या तीन-चार पट फुगतो, त्यामुळे पातेले फार मोठे लागते, आणि शेवटी पाणी ओतताना गरम मध तडतडून अंगावर उडतो. लांब बाह्या आणि लांब दांड्याचा डाव याशिवाय कोणी त्या भानगडीत पडू नये. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लिहिलेल्या घरसंसाराच्या एका पुस्तकात या पेयाची कृती आढळते, आणि तीत भाजण्याची खूण रंगावर व फुटणाऱ्या बुडबुड्यांमधून निघणाऱ्या काळसर वाफेवर दिली आहे. भाजलेल्या मधातली काही साखर यीस्टला पचत नाही, म्हणून बोशे कोरडी होत नाही. याची बोशे १.०२२ वर थांबली आहे आणि ती अडलेली नाही. त्याच्या मीडमध्ये पहिल्या दिवशी खरोखरच काही ठरले होते, हे मला मान्य करावे लागते. माझ्या नियमाला हा अपवाद आहे, आणि तो आगीमुळे आला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

माझे चौथे भांडे ब्रॅगटचे आहे, म्हणजे माल्ट आणि मध यांचे निम्मेनिम्मे. धान्य आणि मध एकत्र आंबवण्याची कल्पना अतिशय जुनी असावी; चीनमधल्या जिआहू येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी सात हजार वर्षांच्या सुमाराच्या मडक्यांमध्ये तांदूळ, मध आणि फळे यांपासून केलेल्या पेयाचे अवशेष ओळखले गेले आहेत. ब्रॅगट मला आवडते याचे एक कारण असे की ते बिअर आणि मीड यांच्यातला माझा मुद्दा एकाच भांड्यात तपासून देते. साखरेचा निम्मा भाग माल्टमधून आला की नायट्रोजनही माल्टबरोबर येतो आणि मीडसारखे चार वेळा भरवत बसावे लागत नाही. मी दुसऱ्या दिवशी एकदाच थोडे पोषण दिले आणि सामू आपोआप सांभाळला गेला. माल्टचा मॅश मात्र मुद्दाम ६८ अंशांवर केला, कारण मध पूर्ण आंबून जातो आणि त्याने पेय पातळ पडते; अंग राखायचे तर ते माल्टच्या डेक्स्ट्रिनांनीच राखावे लागते. हॉप्स अगदी बेताचे आहेत, कारण कडवटपणा वर आला की मधाचा सुगंध लपतो. मध उकळीत न घालता किण्वनाचा पहिला जोर ओसरल्यावर घातला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर त्याचा वास वाहून जात नाही. सुरुवातीची ग्रॅव्हिटी दोन्ही धरून १.०७० होती, आज ती १.०१६ आहे, आणि पेल्यात ब्रॅगट चक्क ढगाळ दिसते.

ग्रॅव्हिटी मोजण्यासंबंधी एक सूचना इथेच देते. वायूने भरलेल्या नमुन्यात हायड्रोमीटर सोडला की त्याच्या अंगाला बारीक बुडबुडे चिकटतात आणि तो दोन-तीन अंक वर तरंगतो. नमुना दोन पेल्यांत मागेपुढे ओतून आधी मोकळा करावा, हायड्रोमीटरला बोटांनी गिरकी द्यावी आणि तो स्थिर झाल्यावर नजर द्रवाच्या पातळीत आणून वाचन करावे. किण्वन सुरू झाल्यानंतर रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा दुरुस्ती न करता कोणाला सांगू नये. मद्यांशामुळे तो चढा दाखवतो, आणि अडली अडली म्हणून ओरड झालेल्या बॅचपैकी काही निव्वळ त्या उपकरणात अडलेल्या असतात.

मीड गोड करावी की कोरडी ठेवावी यावर आमच्यात एकमत होत नाही आणि होण्याची गरजही नाही. गोड करायची असेल तर मात्र क्रम चुकवून चालत नाही. मीड आधी निवळू द्यावी, साक्यावरून नळीने दुसऱ्या बुधल्यात काढावी, मग पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट हे दोन्ही घालावे, आणि त्यानंतर मध. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची पुढची वाढ थांबवते. म्हणून चाललेले किण्वन थांबवायला ते उपयोगाचे नसते. सल्फाइटशिवाय एकटे सॉर्बेट वापरले तर दुग्धाम्लाचे जंतू त्यातून जिरेनियमच्या पानांचा उग्र वास काढतात, आणि तो वास कशानेही जात नाही. गोड आणि फेसाळ मीड बाटलीतच करायचा मोह अनेकांना होतो. ती केगमध्ये, म्हणजे बाहेरून वायू भरता येणाऱ्या धातूच्या पिंपात, करावी, कारण बाटलीत गॅस धरायला जागे यीस्ट लागते आणि जागे यीस्ट समोरची साखर कुठे थांबून खाईल ते आपल्या हातात नसते.

माझ्या मीडचे मी दोन भाग करणार आहे. एक कोरडा ठेवून मुरू द्यायचा आणि दुसरा बिया काढलेल्या आंबट चेरींवर काढायचा. चेरी आधी गोठवून मग वितळू दिल्या की त्यांच्या पेशी फुटतात आणि रस लवकर सुटतो. त्या फळातल्या साखरेने किण्वन पुन्हा थोडे चालेल, म्हणून बुधल्यात वर चांगली मोकळी जागा ठेवीन आणि वर तरंगणारी फळे रोज खाली दाबत राहीन, नाहीतर वरच्या कोरड्या थरावर बुरशी धरते. ७१बी निवडण्यामागे हाही विचार होता, कारण चेरीतल्या मॅलिक आम्लाची धार ते थोडी कमी करते. पेल एलच्या पिंपातला साका वाया घालवायचा नाही, असे ठरवले आहे. पण त्यात आता इतके हॉप्स मिसळले आहेत की तो दुसऱ्या पेल एललाच द्यावा लागेल. लोण्याचा वास पूर्ण गेला की बिअर थंड करून बाटल्यांत भरीन आणि त्याच दिवशी पुढचे वर्ट त्या साक्यावर घालीन. या वेळी मॅश ६४ अंशांवर.